शत्रूच्या तंबूत

ट्रॉयचा लाकडी घोडा ‘इलियड’मध्ये नाही. अकिलीसची ती प्रसिद्ध टाचही नाही. ती कथा आज आपण सांगतो त्या रूपात होमरनंतर कितीतरी शतकांनी, रोमन काळात दिसू लागते. हेलन पॅरिसबरोबर ट्रॉयला आली ते प्रकरण, अकिलीसचा मृत्यू, शहराची राखरांगोळी या ज्या गोष्टींमुळे ट्रॉयचे युद्ध जगभर ठाऊक आहे, त्यांतली एकही या काव्यात प्रत्यक्ष घडत नाही. दहा वर्षे चाललेल्या युद्धाच्या शेवटच्या वर्षातले जेमतेम पन्नास दिवस होमर निवडतो. अकिलीसच्या संतापापासून आरंभ करतो आणि साडेपंधरा हजारांहून अधिक ओळींनंतर हेक्टरच्या अंत्यसंस्कारापाशी थांबतो. हेक्टर ट्रॉयचा, म्हणजे शत्रूचा सेनापती. ज्या काव्याला सगळे ग्रीक आपल्या पूर्वजांची गाथा मानत आणि ज्यावर त्यांची पोरे लिहायला-वाचायला शिकत, त्याची शेवटची ओळ शत्रूच्या चितेपाशी येते. पूर्वजांचा विजय त्या काव्यात बाकीच राहतो.

हे असे का, या प्रश्नातून प्रस्तुत पुस्तक सुरू झाले.

‘इलियड’चा चोविसावा आणि शेवटचा सर्ग ज्यांनी वाचलेला नाही, त्यांच्यासाठी तो थोडा सविस्तर सांगायला हवा. अकिलीसचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस हेक्टरच्या हातून मारला गेला आहे. त्याचा सूड म्हणून अकिलीसने हेक्टरला ठार केले आहे, पण तेवढ्याने त्याचे समाधान झालेले नाही. रोज सकाळी तो हेक्टरचे प्रेत रथाला बांधतो आणि मित्राच्या थडग्याभोवती फरफटत नेतो. देवांनाही हे पाहवत नाही. तेव्हा हेक्टरचा म्हातारा बाप, ट्रॉयचा राजा प्रायम, खंडणीने भरलेली गाडी घेऊन रात्री शत्रूच्या छावणीत शिरतो, अकिलीसच्या निवासात येतो, त्याचे गुडघे धरतो आणि ज्या हातांनी आपली मुले मारली त्या हातांचे चुंबन घेतो. तुझ्या बापाला आठव, एवढेच त्याचे मागणे. अकिलीसला आपला बाप आठवतो. तोही म्हातारा आणि एकटा आहे, आणि त्यालाही मुलाचे तोंड पुन्हा दिसणार नाही. दोघे एकाच ठिकाणी बसून रडतात. एक हेक्टरसाठी, दुसरा कधी बापासाठी, कधी पॅट्रोक्लससाठी.

दुसऱ्या कुणी कवीने हा प्रसंग येथे संपवला असता. होमर संपवत नाही. प्रायम ‘आता मुलाचा देह दे’ अशी घाई करतो, तेव्हा अकिलीस त्याच्यावर डोळे वटारतो: मला डिवचू नकोस. मग तो बाहेर जातो आणि दासींना हुकूम देतो की प्रेत धुवा, तेल लावा, पण म्हाताऱ्याच्या नजरेआड. मुलाचा देह पाहून बापाचा तोल सुटला तर आपलाही सुटेल आणि आपण त्याला मारून टाकू, ही भीती त्याला वाटते. करुणा जागी झाली आहे. राग कुठेही गेलेला नाही. दोन्ही एकाच माणसात, एकाच रात्री. नंतर दोघे जेवतात, एकमेकांकडे पाहून थक्क होतात, आणि हेक्टरच्या अंत्यविधीसाठी किती दिवस युद्ध थांबवायचे याचा चक्क हिशेब करतात. अकरा दिवस शोकाला आणि विधीला लागतील, बाराव्या दिवशी लढू, लढावेच लागणार असेल तर, असे प्रायम सांगतो. हा हिशेब मला त्या अश्रूंहूनही मोठा वाटतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे. ग्रीक महाकाव्यांतली आणि शोकांतिकांतली पात्रे आपण सहसा गुणदोषांच्या यादीने ओळखतो: अकिलीस तापट, ओडिसियस धूर्त, ईडिपस गर्विष्ठ, मेडिया मत्सरी. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेला ही यादी पुरते. पण या कवींचे लक्ष दुसरीकडे होते. समोर शत्रू, परका किंवा पराभूत उभा असतो, बहुधा मेलेला असतो, आणि आता त्याच्याशी कसे वागायचे ते ठरवायचे असते. या एका कसोटीवर त्यांनी आपली माणसे पुन:पुन्हा घासून पाहिली. होमरपासून नाटककार युरिपिडीसपर्यंत तीनशे वर्षांहून अधिक काळ हा धागा तुटलेला नाही.

‘ओडिसी’ या धाग्यात बसत नाही असे प्रथमदर्शनी वाटेल. ती घरी परतण्याची कथा. दहा वर्षे युद्धात आणि दहा वर्षे समुद्रावर घालवून ओडिसियस इथाकाला पोहोचतो. घरात १०८ मागणीदार त्याच्या बायकोसाठी, पेनेलोपीसाठी, अड्डा मांडून बसलेले असतात. राक्षस, चेटकिणी, अमरत्व देऊ करणारी कॅलिप्सो आणि धन्याला ओळखून प्राण सोडणारा म्हातारा कुत्रा अशी साहसकथेची सगळी सामग्री आहे. पण आठव्या सर्गात एक विलक्षण उपमा येते. परक्या राजाच्या दरबारात एक अंध गायक ट्रॉयच्या पाडावाचे गाणे गातो. ओडिसियसच्याच पराक्रमाचे गाणे. ते ऐकून ओडिसियस रडू लागतो, आणि कवी त्याच्या रडण्याला एका स्त्रीच्या रडण्याची उपमा देतो. तिचा नवरा शहर राखताना पडला आहे, ती त्याच्या देहाला कवटाळून बसली आहे आणि मागून शत्रूचे सैनिक भाल्याने ढोसत तिला गुलामीत नेत आहेत. म्हणजे जेत्याचे अश्रू कसे, तर त्याने स्वतः उद्ध्वस्त केलेल्या शहरातल्या बाईसारखे. पुढे मागणीदारांची कत्तल झाल्यावर म्हातारी दाई आनंदाने ओरडू पाहते, तेव्हा ओडिसियस तिला गप्प करतो. मारल्या गेलेल्यांवर जल्लोष करणे त्याला अधर्म वाटतो. आणि लगेच त्याच सर्गात, मागणीदारांशी संबंध ठेवणाऱ्या बारा दासींना फासावर लटकवले जाते. होमर दोन्ही सांगतो आणि त्यांचा मेळ घालायचे काम आपल्यावर सोडतो.

ही काव्ये कुणी रचली? ख्रिस्तपूर्व आठव्या शतकाच्या आसपास ती आजच्या रूपाला आली असावीत असे बहुतेक अभ्यासक मानतात. होमर नावाचा एक माणूस होता की नाही, या वादाने मात्र ग्रंथालयेच्या ग्रंथालये भरली आहेत. १७९५मध्ये फ्रीडरिश वोल्फ या जर्मन पंडिताने ही काव्ये लेखनकलेच्या आधारावाचून रचली गेली आणि पुढे जोडली गेली, असे मांडले. तेव्हापासून एक पक्ष काव्याचे थर सोलत बसला, तर दुसरा त्याच्या एकसंधपणाची ग्वाही देत राहिला. १८७०नंतर हाइनरिश श्लीमानने आजच्या तुर्कस्तानातल्या हिसार्लिकच्या टेकडीवर कुदळ मारली आणि ट्रॉय ही निव्वळ कल्पना नव्हती हे दाखवले. उत्खनन असे केले की होमरच्या ट्रॉयशी जुळू शकतील अशा थरांचाही बराच भाग खणून फेकला गेला, ही गोष्ट वेगळी. खरी कलाटणी दिली ती मिल्मन पॅरी या अमेरिकन तरुणाने. १९३३ ते १९३५ या काळात तो युगोस्लाव्हियाच्या खेड्यांत फिरला आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या गायकांची वीरगीते त्याने ध्वनिमुद्रित केली. अव्दो मेजेदोविच नावाच्या गायकाने त्याला बारा हजारांहून अधिक ओळींचे एक काव्य सांगितले. वृत्तात चपखल बसणारी ठरावीक विशेषणे आणि पदबंध हाताशी ठेवून गायक गाता गाता काव्य रचतो, हे पॅरीने आणि त्याच्यानंतर आल्बर्ट लॉर्डने दाखवून दिले. ‘चपळ पायांचा अकिलीस’ बसलेला असतानाही चपळ पायांचाच का असतो, या शाळकरी शंकेचे उत्तर त्यात आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना कशाकशाला तोंड दिले हे ज्यांना माहीत आहे, त्यांना हा सगळा वाद घरचाच वाटेल.

महाकाव्यांकडून शोकांतिकांकडे येताना गायकाची जागा नगर घेते. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातल्या अथेन्समध्ये दरवर्षी वसंतात डायोनायसस देवाचा उत्सव भरे. ॲक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर हजारो लोक बसत. तीन कवी निवडलेले असत. प्रत्येकाने तीन शोकांतिका आणि एक हलकेफुलके ‘सॅटर’ नाटक सादर करायचे, आणि मग परीक्षकांनी क्रमांक लावायचे. समूहगायकांच्या तालमीचा खर्च एखाद्या धनिक नागरिकाच्या माथी बसे. नट सगळे पुरुष आणि सगळे मुखवटे लावलेले. बोलणारे नट आधी दोन होते, नाटककार सोफोक्लीसने ते तीन केले; बाकी बारा, पुढे पंधरा जणांचा कोरस. तीन नटांनीच सगळी पात्रे करायची म्हटल्यावर एकाच माणसाने मुखवटा बदलून एका प्रवेशात एका बाजूने आणि दुसऱ्यात विरोधकाच्या बाजूने बोलावे, हे ओघाने आलेच.

नाटके सुरू होण्याआधी काय होई, तेही ध्यानात ठेवायला हवे. अथेन्सच्या अंकित नगरांनी दिलेली खंडणी रंगस्थळी मांडून दाखवत. युद्धात मेलेल्यांच्या, नगराच्या खर्चाने वाढवलेल्या मुलांना चिलखते देऊन लोकांपुढून चालवत. म्हणजे साम्राज्याचे भरगच्च प्रदर्शन. आणि त्यानंतर त्याच जागी, त्याच लोकांपुढे पराभूतांचे दुःख मांडले जाई.

याचा सर्वांत जुना पुरावा म्हणजे आज हाती असलेल्या शोकांतिकांपैकी पहिली, एस्किलसची ‘पर्शियन्स’. ती इ.स.पू. ४७२ची. अवघ्या आठ वर्षांपूर्वी पर्शियाच्या सैन्याने अथेन्स जाळले होते आणि सलामिसच्या सामुद्रधुनीत अथेन्सच्या आरमाराने त्यांना बुडवले होते. प्रेक्षकांत त्या लढाईत वल्ही मारलेले लोक बसलेले. एस्किलस स्वतः मॅरेथॉनच्या रणात लढलेला. त्याच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या मृत्युलेखात त्या लढाईचा उल्लेख आहे, नाटकांचा नाही. अशा माणसाने विजयाचे नाटक कुठे घडवले? पर्शियाच्या राजधानीत. रंगमंचावर एकही ग्रीक पात्र नाही. राजमाता वाट पाहते, दूत येऊन मेलेल्यांची नावे सांगतो, शेवटी राजा झर्क्सीस फाटक्या वस्त्रांत येतो आणि कोरस त्याच्याबरोबर आक्रोश करतो. त्यात अथेन्सचा अभिमान आहेच, तो कुणी नाकारू नये. पण अभिमान सांगायलासुद्धा त्याला शत्रूच्या आईचे तोंड लागले. या नाटकाचा खर्च पुढे अथेन्सचा नेता झालेल्या तरुण पेरिक्लीसने उचलला होता, आणि नाटकाला पहिले बक्षीस मिळाले. त्याच्या वीसेक वर्षे आधी फ्रिनिकस नावाच्या कवीने मित्रनगर मायलिटसच्या पाडावावर नाटक केले, तेव्हा सगळे नाट्यगृह रडले आणि नगराने कवीला एक हजार द्राख्मांचा दंड ठोठावला. आपल्या माणसांचे दुःख असह्य झाले, शत्रूचे मात्र पाहवले. यातून काय काढायचे यावर पुस्तकात एक अख्खा लेख आहे.

एस्किलसचे ‘ओरेस्टिया’ हे नाट्यत्रय (इ.स.पू. ४५८) सर्वांना निदान ऐकून माहीत असते. मुलगी बळी देणारा अ‍ॅगमेम्नॉन, नवऱ्याला मारणारी क्लायटेम्नेस्ट्रा, आईला मारणारा ओरेस्टीस, आणि शेवटी सूडाची साखळी तोडायला अथेनी देवीने बसवलेले न्यायालय. येथे एवढेच नोंदवते की ते न्यायालय प्रश्न सोडवत नाही. मते समसमान पडतात. सूडदेवता हरतात, पण त्यांना हाकलले जात नाही. त्यांना नगराच्या पोटात घर दिले जाते.

सोफोक्लीसपाशी थोडे रेंगाळावेसे वाटते, कारण प्रेताचा प्रश्न त्याने दोनदा थेट हाताळला. ‘अजॅक्स’ हे नाटक आपल्याकडे फारसे कुणी वाचत नाही, आणि माझ्या मते ते ‘ईडिपस’च्या शेजारी ठेवण्याजोगे आहे. अकिलीसची शस्त्रे आपल्याला न मिळता ओडिसियसला मिळाली, या अपमानाने पेटलेला अजॅक्स स्वतःच्याच सेनानींना मारायला निघतो. अथेनी त्याची बुद्धी भ्रष्ट करते आणि तो गुरांची कत्तल करतो. देवी ओडिसियसला बोलावून म्हणते, बघ तुझा शत्रू, हास त्याला. ओडिसियसला हसू येत नाही. याच्या जागी उद्या मी असेन, असे त्याच्या मनात येते. शुद्धीवर आल्यावर अजॅक्स एके काळी हेक्टरने भेट दिलेल्या तलवारीवर स्वतःला झोकून देतो. नाटक अजून बरेच बाकी आहे. उरलेला सगळा भाग या देहाला मूठमाती द्यायची की नाही यावर चालतो. सेनानी मेनेलाउस आणि अ‍ॅगमेम्नॉन नाही म्हणतात, आणि अजॅक्सचा हाडवैरी ओडिसियसच त्यांना वळवतो. मग तो अंत्यविधीला हात लावू का, असे विचारतो. अजॅक्सचा भाऊ नम्रपणे नकार देतो: मेलेल्याला ते आवडणार नाही. शत्रुत्वाची आणि सौजन्याची इतकी नेमकी सीमा फार थोड्या नाटकांत आखलेली सापडेल.

‘अँटिगनी’ सगळ्यांना ठाऊक आहे, आणि म्हणूनच तिच्याबद्दल गैरसमजही जास्त. थीब्झवर चाल करून आलेला पॉलिनायसीज भावाशी लढताना मेला. त्याचे प्रेत उघड्यावर टाका, असा नवा राजा क्रिऑनचा हुकूम. बहीण अँटिगनी तो मोडते. आज आपण बंडखोर मुलगी आणि हुकूमशहा या चौकटीत हे नाटक पाहतो. अथेन्सच्या प्रेक्षकाला ते इतके सोपे नसावे. देशद्रोह्याला ॲटिकाच्या मातीत पुरायचे नाही, असा अथेन्सचाच कायदा होता. क्रिऑनचे पहिले भाषण पुढच्या शतकात डेमॉस्थेनीस या वक्त्याने भर न्यायालयात आदर्श राज्यकर्त्याचे बोल म्हणून वाचायला लावले. दोन्ही बाजूंना आपापला न्याय आहे, असे जर्मन तत्त्वज्ञ हेगेल म्हणाला तो याच नाटकावरून. मला स्वतःला हेगेलची तराजू जरा जास्तच समतोल वाटते. भविष्यवेत्ता टायरेसियस येऊन सांगतो की पक्ष्यांनी प्रेताचे तुकडे वेदीवर आणून टाकले आहेत, तेव्हा कवीने आपला कौल दिलेला असतो. पण क्रिऑन मूर्ख नाही, आणि अँटिगनी बहीण इस्मेनीशी ज्या कोरडेपणाने वागते तो कवीने झाकलेला नाही.

हे सगळे मंचापुरतेच होते असेही नाही. इ.स.पू. ४२४मध्ये डेलियमच्या लढाईनंतर थीब्झच्या बाजूने अथेन्सच्या मृतांचे देह अडवून ठेवले. ४०६मध्ये अर्गिनुसाय येथे अथेन्सने आरमारी लढाई जिंकली, पण वादळात बुडणाऱ्यांना वाचवले नाही आणि प्रेते उचलली नाहीत म्हणून विजयी सेनापतींवर खटला झाला आणि हाती लागलेल्या सहा जणांना देहदंड दिला गेला. सोफोक्लीस आणि युरिपिडीस दोघेही त्याच सुमारास वारले.

युरिपिडीसने हा धागा अगदी रक्त निघेपर्यंत ओढला. इ.स.पू. ४१६च्या सुमारास अथेन्सने मेलॉस हे छोटे तटस्थ बेट जिंकले, पुरुषांना मारले, बायकामुलांना गुलाम केले. ४१५च्या वसंतात त्याने ‘ट्रोजन विमेन’ मंचावर आणले: पडलेले शहर, वाटून दिल्या जाणाऱ्या बायका, तटावरून फेकून मारलेले हेक्टरचे लहानगे पोर, आणि बापाच्या ढालीवर ठेवून त्याला निरोप देणारी आजी हेक्युबा. मेलॉस डोळ्यांपुढे ठेवूनच त्याने हे लिहिले का, यावर अभ्यासकांत एकमत नाही. नाटक आधीपासून तयारीत असणार, हा आक्षेप रास्त आहे. पण पाहणाऱ्यांना मेलॉस आठवले नसेल, हे मला पटत नाही. या नाटकाला दुसरा क्रमांक मिळाला. युरिपिडीसच्या ‘मेडिया’ला ४३१मध्ये तिसरा, म्हणजे शेवटचा मिळाला होता. मेडिया परकी, काळ्या समुद्रापलीकडची. तिने पोटच्या मुलांना मारायच्या आधी कवी तिच्या तोंडून बायकांच्या जिण्याबद्दल जे बोलवतो, ते कुठल्याही ग्रीक पुरुषाला खोडून काढता येण्याजोगे नव्हते.

हे सारे आपल्यापर्यंत पोहोचले हा निव्वळ योगायोग. सोफोक्लीसने शंभरावर नाटके लिहिली, सात उरली. एस्किलसचीही सात, त्यांतले ‘प्रॉमिथियस’ त्याचेच का, हा वाद आहे. युरिपिडीसची एकोणीस, आणि त्यांतली काही केवळ एवढ्यामुळे की वर्णक्रमाने लावलेल्या समग्र संग्रहाचा एक तुकडा कुणाकडे तरी टिकला. म्हणजे युरिपिडीस आपल्याला जास्त वैविध्याचा वाटतो, यात त्याच्या प्रतिभेइतकाच वर्णमालेचाही वाटा आहे. २०२४मध्ये इजिप्तमधल्या एका पपायरसवरून त्याच्या दोन हरवलेल्या नाटकांतल्या सुमारे शंभर ओळी प्रसिद्ध झाल्या. पुस्तकातली विधाने या अपुऱ्या पुराव्यावर उभी आहेत.

समीक्षेच्या इतिहासात प्लेटो आणि ॲरिस्टॉटल ही गुरुशिष्यांची जोडी पहिली. प्लेटोने कवींना आदर्श नगराबाहेर काढले, कारण ते माणसाला दुसऱ्याच्या दुःखात रडायची सवय लावतात. ॲरिस्टॉटलने त्याच रडण्याला काम नेमून दिले: करुणा आणि भीती यांतून त्या भावनांचे शमन. विंदा करंदीकरांनी ‘ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र’ मराठीत आणल्याने आपल्या दोन-तीन पिढ्यांना हा विचार सहज मिळाला. पण त्यातल्या एका मुद्द्याचे वर्गावर्गांतून फार नुकसान झाले. नायकाच्या पतनाला त्याच्या हातून घडलेली चूक कारण होते, असे ॲरिस्टॉटल म्हणतो. पुढच्यांनी त्या चुकीचा स्वभावदोष केला, आणि मग प्रत्येक नायकाच्या अंगात एकेक दोष शोधायची शर्यत सुरू झाली. ईडिपसचा दोष कोणता? गर्व, घाई, राग, जे हाती लागेल ते. ई. आर. डॉड्सने १९६६मध्ये एका निबंधात या दोषशोधनाचा समाचार घेतला, तो आजही वाचावा. ईडिपसच्या नगरात साथ पसरली आहे, कारण शोधायलाच हवे, आणि शोधणारा माणूस थांबत नाही. ईडिपसचा नाश त्याच्या सर्वांत चांगल्या गुणाने होतो. पु. ल. देशपांडे यांनी ‘राजा ओयदिपौस’ म्हणून हे नाटक मराठीत आणले. विनोदी लेखक म्हणूनच त्यांना ओळखणाऱ्यांनी ते जरूर वाचावे.

एकोणिसाव्या शतकापासूनच्या पंथांचा धावता उल्लेख पुरे. नीत्शेने १८७२मध्ये शोकांतिकेच्या मुळाशी डायोनायससचा उन्माद आणि अपोलोचा संयम पाहिला. केंब्रिजच्या जेन हॅरिसनप्रभृतींनी विधी पाहिले. फ्रॉइडने ईडिपसला प्रत्येकाच्या बालपणात नेऊन बसवले. १९७०च्या दशकात पॅरिसच्या व्हेर्नां आणि व्हिदाल-नाके यांनी शोकांतिकेला पुन्हा अथेन्सच्या न्यायालयांत आणि सभांत नेले. त्यानंतर निकोल लोरोसारख्या अभ्यासकांनी विचारले की ज्या नगरात बायकांना मत नव्हते, त्याच्या मंचावर बायकाच एवढ्या का बोलतात? माझे स्वतःचे ऋण मात्र या कुठल्या पंथापेक्षा फ्रेंच विचारवंत सिमोन वेय हिच्या निबंधाचे जास्त आहे. फ्रान्स पडल्यावर प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधात ती म्हणते की ‘इलियड’चा खरा नायक कुणी माणूस नसून बळ आहे, जे बळ मारणाऱ्यालाही वस्तू करून टाकते. या वाचनात अतिशयोक्ती आहे, अकिलीस-हेक्टरच्या पराक्रमातला उघड आनंद तिने दुर्लक्षिला. तरीही तिच्यानंतर ‘इलियड’ पहिल्यासारखे वाचता येत नाही.

आज हे कशासाठी वाचायचे, असे विचारणाऱ्यांना मी उदाहरणेच सांगते. जोनाथन शे या मानसोपचारतज्ज्ञाने व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांवर उपचार करताना त्यांच्या तोंडून अकिलीसचीच कथा ऐकली, आणि १९९४मध्ये त्यावर पुस्तक लिहिले: सेनानीने केलेला विश्वासघात, मित्राचा मृत्यू, मग माणुसकी सोडून सुटलेला संताप. दक्षिण आफ्रिकेतल्या रॉबेन बेटावर कैद्यांनी ‘अँटिगनी’ केले, तेव्हा नेल्सन मंडेला यांनी भूमिका केली ती क्रिऑनची. २०१३मध्ये जॉर्डनमध्ये आश्रय घेतलेल्या सीरियन बायकांनी ‘ट्रोजन विमेन’च्या संहितेत आपापली घरे, आपापले मेलेले मिसळून प्रयोग केला. त्यांना हेक्युबा कुणी समजावून सांगावी लागली नाही.

या कवींना मानवतावादाचे पुतळे करू नयेत, हेही बजावून सांगते. ज्या सभेने मेलॉसच्या पुरुषांना मारायचे ठरवले, तिच्यातलेच लोक काही महिन्यांनी हेक्युबाचा विलाप ऐकत बसले होते. नाटक पाहून कुणी साम्राज्य सोडले नाही. त्याच वर्षी अथेन्सने सिसिलीवर आरमार पाठवले. गुलामांचे दुःख राजघराण्यातून गुलाम झालेल्यांच्या तोंडूनच येते. जन्माने गुलाम असलेल्याला शोकांतिकेत मध्यभागी जागा नाही.

मराठी वाचकाला तुलनेचा मोह होणार, आणि तो दाबायचे कारण नाही. कुरुक्षेत्रावर दोन्ही पक्षांच्या प्रेतांमधून हिंडणारी स्त्रीपर्वातली गांधारी, मांड्या मोडून पडलेल्या दुर्योधनाला नायकाची उंची देणारे भासाचे ‘ऊरुभंग’, वैर मरणापाशी संपते असे सांगून विभीषणाला रावणाची क्रिया करायला लावणारा राम: प्रश्न तोच आहे. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये महाभारतातल्या माणसांवरचे देवत्वाचे लेप खरवडून त्यांना त्यांच्या निर्णयांसह उभे केले, ती पद्धत मी उघडपणे उचलली आहे. पण फरकही विसरू नये. अकिलीसला पुनर्जन्म नाही, कर्मफळ नाही, मोक्ष नाही. ‘ओडिसी’त त्याची छाया भेटते तेव्हा मृतांचा राजा होण्यापेक्षा एखाद्या गरिबाच्या शेतावर मजूर म्हणून जगणे बरे, असे ती म्हणते. पलीकडे काहीच नाही म्हणून येथल्या देहाला, त्याच्या राखेला आणि वर रचलेल्या मातीच्या ढिगाला एवढे मोल.

या पुस्तकातले लेख ग्रंथवार किंवा कविवार लावलेले नाहीत. पात्रांच्या जोड्या केल्या आहेत, आणि जोडीतले दोघे बहुधा एकमेकांविरुद्ध उभे आहेत. काही जोड्या कवींनीच दिल्या, काही मी जुळवल्या. हेलन आणि पेनेलोपी यांना समोरासमोर बसवणे कुणाला जुलमाचे वाटेल. ज्यांनी मूळ काव्य वा नाटक वाचलेले नाही त्यांच्यासाठी प्रत्येक लेखाच्या आरंभी कथानक थोडक्यात दिले आहे, पण ते मुळाची जागा घेणार नाही. अगदीच नवख्या वाचकाने ‘इलियड’चा सहावा आणि चोविसावा सर्ग, मग ‘अजॅक्स’, मग ‘ट्रोजन विमेन’ असा क्रम धरावा. ‘ईडिपस’ नंतर वाचला तरी चालेल, त्याची कीर्ती वाट पाहू शकते. ॲरिस्टोफेनीसची विनोदी नाटके, हेसिअड आणि सारा रोमन वारसा बाहेर ठेवला आहे. देवांवर स्वतंत्र लेख नाही, कारण ग्रीक देवांना मरण नसल्यामुळे त्यांना कशाचीच किंमत मोजावी लागत नाही, आणि माझे कुतूहल किंमत मोजणाऱ्यांबद्दल आहे. फक्त युरिपिडीसच्या ‘बॅकाय’वर लिहिताना डायोनायससला टाळता आले नाही. तेथे मुलाचे मुंडके हाती घेऊन नाचत येणारी अगावी आणि शांतपणे शिक्षा सुनावणारा देव यांची जोडी केली आहे. त्या देवाशी कवी सहमत आहे की त्याच्यावर चिडलेला आहे, यावर माझे मत लेख लिहिताना दोनदा पालटले. दोन्ही मते लेखात तशीच ठेवली आहेत. वाचकाने कुठलेही एक घेऊन माझ्याशी भांडावे.